ताट रिकामं जात नाही

चित्रपट संपून अर्धा तास होत नाही तोच इन्साफच्या दारावर पहिलं ताट आलं. खालच्या मजल्यावरची रदवाची आई तांदळाची खीर घेऊन उभी होती. डोळे लाल. म्हणाली, "एकटीनं काय काय सोसलंस गं."

इन्साफनं ताट घेतलं, दार लावलं आणि मुलीकडे, नेहालकडे पाहिलं. चित्रपट तिनंच लिहिला होता. त्यातली आई नवरा सोडून गेल्यावर दर दहा मिनिटांनी रडते, बांगड्या विकते आणि एकदा तर बेकरीमागे टाकलेला पाव उचलते. टीव्हीवाल्यांनी तो नेमका मातृदिनी दाखवला, आणि शुब्रा वस्तीतल्या त्या सहा मजली इमारतीत एक इन्साफ सोडून सगळे रडले.

"मी पाव कधी उचलला गं?"

"सिनेमात थोडं वाढवावं लागतं, आई."

"मग माझी अब्रू वाढवायचीस. ती तेवढी कमी केलीस."

नेहालनं खिरीचं ताट आत नेऊन ठेवलं.

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत अकरा ताटं झाली. शेजारणीचं ताट रिकामं परत करणं म्हणजे आपण घेणारे आहोत, देणारे नाही, हे कबूल करणं. इन्साफनं कोबीचे गड्डे मागवले. मायलेकी पानांत भात भरून महशी वळायला बसल्या आणि अकराही ताटं शिगोशीग भरून परत गेली. झालं उलटंच. बिचारी तोंडचा घास काढून देतेय, असं म्हणत शेजारणी आणखी हेलावल्या. संध्याकाळी एकवीस ताटं आली. मोठं पातेलं मागायला नेहालला चौथ्या मजल्यावर धाडलं, तर पातेलंही भेंडीचा रस्सा भरूनच खाली आलं.

इन्साफ जिना उतरेनाशी झाली. लेकीशी बोलणंही "पान दे", "तांदूळ धू" एवढ्यावर आलं. तिसऱ्या दिवशी नेहालला राहवेना. ती खाली गेली आणि रदवाच्या आईसमोर सगळं कबूल केलं. चित्रपटातलं खोटं आहे, आईनं कधी कुणापुढे हात पसरला नाही, हे सगळं आपण रचलं.

रदवाची आई तांदूळ निवडत होती. तिनं वरही पाहिलं नाही.

"हात पसरला नाही, हे मला सांगतेस? तुझा बाप गेला त्या वर्षी तुमच्या घरातून तीन-तीन दिवस लसणीच्या फोडणीचा वास यायचा नाही. ताट पाठवावं, तर ती भरूनच परत पाठवणार. भरायला घरात होतं काय? म्हणून कुणीच पाठवलं नाही. तुझ्या दारावरून जाताना आम्ही ताटं पदराखाली झाकून नेली, बाई. आता टीव्हीनं निमित्त दिलं."

एवढा मोठा चित्रपट लिहिला, आणि त्या तीन-तीन दिवसांचा नेहालला पत्ताच नव्हता. थाप मारली म्हणून ती लाजत होती. खऱ्यापुढे थाप तर कमीच पडली होती.

ती वर आली. इन्साफ दाराशीच उभी होती.

"काय म्हणाली?"

नेहालनं आत येऊन दार लावलं.

"महशीत मीठ कमी पडलं म्हणाली."

इन्साफचा चेहरा तीन दिवसांत पहिल्यांदा उजळला. तिनं बाह्या सरसावल्या.

"मीठ कमी? पंचवीस वर्षं तिच्या घरची मुलुखियाची भाजी करपतेय. मी कधी कुणाला बोलले?"

"नाही बोललीस," नेहाल म्हणाली, आणि खाली मान घालून कोबीची पानं सोडवायला बसली.