‘वय जुळत नाही’चा छडा

ठाण्यातल्या खोपटचे गुप्तहेर उत्तम साळवी यांच्या नजरेतून मुंगीही सुटत नसे, असं त्यांचंच म्हणणं होतं. समोरचा हत्ती मात्र हमखास सुटे, पण तो जाहिरातीत नव्हता.

त्यांच्यापुढे रसिका रडकुंडीला येऊन बसली होती. "काका, डोंबिवलीच्या वधूवर मंडळाच्या वेबसाइटवर माझं पान आहे. त्याची लिंक पाठवते आणि 'स्थळ पाठवतेय, बघा' एवढंच लिहिते. तीन घरांतून एकच उत्तर आलं, वय जुळत नाही! अहो, एकोणतीस वर्षांची आहे मी. आज कल्याणच्या साकेतला पाठवलीय. फोटो पाहूनच तो मला मनापासून आवडलाय. हे स्थळ जायला नको."

उत्तमरावांनी भिंग काढून तिच्या मोबाइलची मागची बाजू तपासली. "हॅकिंग! जळकी मैत्रीण?"

"नाही."

"मग तू नाकारलेला प्रियकर!"

"काका, तेवढं नशीब असतं तर मंडळात नाव घातलं असतं का?"

उत्तमराव तिला घेऊन थेट मंडळात थडकले. अध्यक्ष धोंडीबा, वय सत्तर, विधुर, निवांत चहा पीत होते. उत्तमरावांनी त्यांच्यावर बोट रोखलं. "मुलीचं पान कुठं लपवलंत?"

"लपवायला ते काय दागिने आहेत?"

रसिका तोवर तिथल्या कॉम्प्युटरवर आपलं पान उघडून बसली होती. "अय्या, वरच्या पट्टीतला लिंकचा पत्ता बघा! कुठलंही पान उघडलं तरी तो पहिल्या पानाचाच राहतोय. मी तोच कॉपी करून पाठवत होते."

पहिल्या पानावर धोंडीबांचा हसरा फोटो होता, खाली मंडळाच्या कचेरीचा पत्ता.

"फ्रेम आहेत त्या," धोंडीबा अभिमानाने म्हणाले. "चौकातल्या बॅनरसारखा माझा फोटो कायम दिसला पाहिजे, असं मीच सांगितलेलं. मी एका चौकटीत पक्का, मुली दुसरीत बदलतात, म्हणून वरचा पत्ता पहिल्याच पानाचा राहतो."

"म्हणजे त्या तिघांनी मला नाही, तुम्हाला नाकारलं!"

धोंडीबांचा चेहरा पडला. "तिघांनीही?"

"मला पहिल्यापासून हाच संशय होता," उत्तमराव म्हणाले. कोणी लक्ष दिलं नाही, कारण दारात साकेत उभा होता आणि त्याच्यामागे साठीच्या, कपाळावर कुंकू नसलेल्या, पण नुकतीच पावडर लावलेल्या बाई.

"लिंक मिळाली," साकेत जरा अवघडून म्हणाला. "माझ्यासाठी नाही जमणार, पण आमच्या रंगूआत्याला फोटो आवडलाय."

धोंडीबांनी घाईघाईने शर्टाचं वरचं बटण लावलं. साकेतची नजर मात्र रसिकावर अडकली होती. "आणि या कोण?"

"मी मुलाकडची," रसिका म्हणाली आणि त्याच्यासाठी शेजारची खुर्ची पुढे ओढली.