फुकटचा ड्रायव्हर

कौशिकला नको त्या वेळी तत्त्व आठवलं. त्याच्या लग्नाची फिल्म बघायला सासू-सासरे चेन्नईच्या जॉर्ज टाउनहून पेरुंगुडीला त्याच्या घरी यायचे होते, आणि नेमक्या त्याच सकाळी त्याने कॉम्प्युटरमधल्या ग्राफिक्स कार्डाच्या कंपनीचा ड्रायव्हर, म्हणजे ते कार्ड चालवणारा प्रोग्रॅम, काढून टाकला. त्याजागी जगभरच्या हौशी मंडळींनी लिहिलेला, खुला, फुकट ड्रायव्हर बसवला.

"काल छान चालत होतं की," त्याची बायको हरिप्रिया म्हणाली.

"काल आपण पारतंत्र्यात होतो."

सासरे बालाजीराव मिरचीचे घाऊक व्यापारी, तंजावरी मराठी बोलणारे. फुकटच्या वस्तूवर त्यांचा काडीचा विश्वास नव्हता. "माप्पिळ्ळै," ते जावयाला म्हणाले होते, "डीव्हीडी प्लेअर मी आणून देतो की." कौशिकने तोऱ्यात नको म्हटलं. आता फिल्म अडली तर सासुरवाडीत जन्मभर ऐकून घ्यावं लागणार होतं.

फिल्म अडलीच. कार्डावर व्हिडिओ उलगडायची खास सोय होती, पण नव्या ड्रायव्हरला ती अजून वापरता येत नव्हती. सगळा भार बिचाऱ्या प्रोसेसरवर पडला. आवाजात मंगलाष्टकं संपून नादस्वरम वाजू लागलं, चित्रात अजून अंतरपाटच.

"लग्न लागलं की नाही?" बालाजीरावांनी विचारलं.

"आवाजात लागलंय," कौशिक म्हणाला.

कॉम्प्युटर तापला. कौशिकने त्याचं झाकण काढलं, मग सासऱ्यांसमोरचा टेबलफॅन उचलून तिकडे वळवला. चेन्नईचा मे महिना; बालाजीराव उपरण्याने वारा घेत बसले. एवढं करूनही चित्र पार गोठलं. गोठलं कुठे, तर पाठवणीच्या वेळी खांबाआड डोळे पुसणाऱ्या बालाजीरावांवर.

सासूबाई सईबाई लग्नापासून नवऱ्याला टोचत होत्या, की पोर निघाली तरी ह्यांच्या डोळ्यांत टिपूस नाही. त्या खुर्ची पुढे ओढून बघत राहिल्या.

"मिरची गेली होती डोळ्यांत," बालाजीराव पुटपुटले.

"मंडपात?" सईबाईंनी विचारलं, आणि पदराने स्वतःचेच डोळे टिपले.

पुढच्या रविवारी सासू-सासरे पुन्हा यायचे म्हणून कौशिकने मुकाट्याने कंपनीचा ड्रायव्हर परत बसवला. फिल्म सरसर धावली. खांब आला आणि गेला.

"हे कसलं मेलं पळतंय," सईबाई म्हणाल्या. "ते फुकटचं घाला, माप्पिळ्ळै. ते थांबायचं."

बालाजीरावांनी घाईघाईने पिशवीतून नवाकोरा डीव्हीडी प्लेअर काढला, पण त्याच्याकडे कुणी बघितलंही नाही. कौशिकने टेबलफॅन पुन्हा कॉम्प्युटरकडे वळवला. फिल्म थांबवायला कीबोर्डावर एक बटण असतं, हे हरिप्रियाच्या ओठांवर आलं होतं, पण नवऱ्याचा खुललेला चेहरा बघून ती कॉफी करायला गेली.