घूंवर घातलेला छापा

"या पृथ्वीतलावर विजेचा असा एकही आवाज नाही, जो माझ्यापासून लपून राहील!" साहेबांनी बोट रोखून जाहीर केलं.

"अहो, तो मिक्सर आहे," स्वयंपाकघरातून बायको म्हणाली. "मी वाटतेय."

मिक्सर थांबला. साहेबांचं बोट, जणू मुळात तिकडेच निघालं होतं अशा थाटात, सुनेच्या खोलीकडे वळलं. खरा गुन्हेगार तिथे होता. घूंऽऽऽ! जाडजूड भुंग्याला डब्यात कोंडून वर चिडवावं, तसा!

साहेब वीज कंपनीच्या भरारी पथकातून निवृत्त झालेले. बत्तीस वर्षं त्यांनी आकडे टाकून वीज चोरणाऱ्यांवर छापे घातले. निवृत्तीनंतर छापा घालण्यासारखं फारसं उरलं नव्हतं. बिस्किटांचे डबे झाले, सुनेचं कपाट होता होता राहिलं.

सून दातांची डॉक्टर. दोन पेशंटांच्या मधल्या वेळात आठ महिने तिनं गिटार घोटली होती, कारण चौघींच्या एका बँडला पाचवी हवी होती. अडीच मिनिटांचं रेकॉर्डिंग आज पाचच्या आत पाठवायचं, नाहीतर जागा दुसरीला. सव्वाचार झाले होते. मोबाइल मांडलेला, गिटार मांडीवर, वायर समोरच्या काळ्या खोक्यात, म्हणजे गिटारचा आवाज मोठा करणाऱ्या अॅम्प्लिफायरमध्ये, खोचलेली. पण हिनं तारेला बोट लावायच्या आधीच खोका आपला गायला सुरुवात करी. घूंऽऽऽ!

"राहू द्या बाबा. पाठवते अशीच."

"अशीच? पुराव्यात भेसळ?" साहेब कडाडले. "सूनबाई, पंचेचाळीस मिनिटं आहेत! तेवढ्यात मी अख्खी बर्फाची फॅक्टरी पकडलीय!"

जुनी वही निघाली. भर दुपारी बॅटरी पेटली. छापा सुरू झाला!

वायर बदलली. घूं! फ्रिज बंद केला. घूं! ट्यूबलाइट, पंखा, राउटर... घूं, घूं, घूं! भिंतीवरच्या घड्याळाचा सेलसुद्धा साहेबांनी काढला. "संशयितांत लहानमोठं काही नसतं!" शेवटी दात-ओठ खाऊन त्यांनी मेन स्विच खाली ओढला. खट्!

शांतता!

"गेला! सूनबाई, गेला! वाजव!"

सुनेनं तार छेडली. मुंगीनं जांभई द्यावी तेवढा आवाज आला.

"बाबा, खोकापण बंद झालाय."

"चोर सापडेना म्हणून फिर्यादीलाच फाशी," बायको म्हणाली.

साहेबांनी मेन स्विच वर ढकलला. घूं ताजीतवानी होऊन परतली. पण खचतील ते साहेब कसले! "म्हणजे चोर घराबाहेरचा आहे!" म्हणत ते वही आणि बॅटरी घेऊन जिन्यात धावले.

आता साहेब निवृत्त झाले हे इमारतीत सगळ्यांना ठाऊक होतं. पण दार उघडल्यावर समोर ती वही दिसली की माहिती डोक्यातून जाते आणि भीती तेवढी राहते.

"घरात विजेवर काय काय चालतं? लपवू नका!"

शेजारच्या वहिनींचा चेहरा पडला. "साहेब, चुकलं! जिन्यातल्या दिव्यावरून वायर ओढून स्कूटर चार्ज करते. पण फक्त मंगळवारी हो! आणि..."

"आणि?"

"...बाकीचे सहा दिवस."

एरवी असा कबुलीजबाब मिळता तर साहेबांच्या डोळ्यांत आनंदाश्रू आले असते. आज ते ओरडले, "चोरी नंतर! आधी सगळं बंद करा आणि चला माझ्याबरोबर!"

खालच्या मजल्यावर बँक मॅनेजर तर प्रश्न विचारायच्या आतच फुटले. "पुस्तकांच्या कपाटामागे एक छोटा फ्रिज आहे..."

"फ्रिज?" मागून त्यांची बायको. "काय आहे त्यात?"

"आइस्क्रीम. पाहुण्यांसाठी!"

"तुम्हाला डायबेटिस, आणि पाच वर्षांत आपल्याकडे पाहुणा आलाय कोण?"

"म्हणून तर मला संपवावं लागतं!"

पावणेपाचला चारही मजले बंद! पंखे थांबलेले, धुलाईची यंत्रं साबणासकट अडकलेली, आणि घामानं निथळणारे रहिवासी सुनेच्या खोलीत दाटीवाटीनं उभे. अख्ख्या इमारतीत चालू होता तो एकटा काळा खोका. सगळ्यांनी कान टवकारले.

घूंऽऽऽ! शांततेत तर आणखीच खुलून!

साहेबांनी वही मिटली. बत्तीस वर्षांत पहिल्यांदाच त्यांचे खांदे पडले.

"तुम्ही खूप केलंत, बाबा," सून म्हणाली. गिटार ठेवून द्यावी म्हणून ती फिरत्या स्टुलावर वळली, आणि घूं थांबली!

ती गोठली. हळूच परत खोक्याकडे वळली. घूं! पाठ केली. चूप!

"खोका!" सून किंचाळली. "बाबा, घूं खोक्याच्या पोटातूनच निघतेय! मी त्याच्यासमोर गिटार धरून बसले, म्हणून गिटार ती पकडत होती. तोंड फिरवलं की नाही पकडत!"

"फिर्यादीच चोर!" साहेबांनी अशी उडी मारली की मॅनेजर भिंतीला चिकटले.

"आणि त्यासाठी आम्ही चार मजले घामाघूम!" मॅनेजरीणबाई फणकारल्या. साहेबांना ऐकू कुठलं येतंय! ते वहीत लिहीत होते: 'पाठ फिरवताच आरोपी गप्प.'

चार चोपन्न! सून कपाटाकडे तोंड करून बसली. वहिनींनी स्वतःच्या तोंडावर हात दाबला. साहेब छाती फुगवून मोबाइलशेजारी पहाऱ्याला उभे राहिले. लाल बटण दाबलं गेलं. पहिले चार सूर निघाले, धुतल्या काचेसारखे लख्ख! सून थांबली. मोबाइल कानाला लावून तिनं ते पुन्हा ऐकले.

"अजून एक आवाज येतोय," ती म्हणाली.

"कुठून?" साहेबांची बॅटरी पेटली. "तू फक्त सांग, कुठून!"

सून लाजेनं लाल झाली.

"बाबा... तुमच्या नाकातून. अडीच मिनिटं जरा बाहेर जाऊन श्वास घ्याल का?"