शालिकभाऊंचे कथलाचे पाव्हणे

ही गोष्ट मी आजवर कोणालाच सांगितलेली नाही. बायकोला नाही, आईला तिच्या शेवटच्या दिवसांतही नाही. आमच्या डोणगावचे शालिकभाऊ गेली अडतीस वर्षं समजून चाललेत की इंग्लंडहून आलेला धातूचा एक म्हातारा त्यांच्या हातून हरवला. त्यांनी तो हरवला नाही. मी चोरला, आणि चोरल्यावर तासाभरात तो जगात राहिलाच नाही. कसा, ते सांगतो. पण आधी शालिकभाऊ सांगावे लागतील. माणूस कळल्याशिवाय मी काय केलं त्याचं वजन कळायचं नाही.

शालिकभाऊ राक्षसांचे पाय धुतात. पोस्टमन पार्सल देऊन गेला की ते वाटीत कोमट पाणी घेतात, त्यात साबणाचे दोन थेंब टाकतात आणि बोटाच्या दोन पेरांएवढ्या त्या धातूच्या आकृतीला दात घासायच्या ब्रशने हळूहळू आंघोळ घालतात. साच्यातली पावडर अंगाला राहिली तर रंग धरत नाही, हे त्यामागचं शास्त्र. भाऊंचं म्हणणं वेगळं असतं. "येवढ्या दुरून आला, पाय तरी धू दे त्याले." आलेल्याला ते पाव्हणा म्हणतात. पाव्हणा आठ दिवस नुसता फळीवर बसतो. "आल्या आल्या कामाले लावते का कोणी पाव्हण्याले?"

भाऊंचं दुकान मोटार रिवायंडिंगचं. विहिरीतल्या, बोअरमधल्या जळालेल्या मोटारी येतात. भाऊ त्यांची जळकी तार काढून नवी तांब्याची भरतात. दुकानात वार्निशचा वास, भिंतीला तारेची रिळं, आणि त्या रिळांच्या वर तीन फळ्यांवर चेटकिणी, सांगाडे, पंख तुटलेला एक अजगर, परशू घेतलेले बुटके. चाळीसेक वर्षांपूर्वी विलायतेत अशा आकृत्या ओतल्या जायच्या. लोक त्या रंगवायचे, टेबलावर मांडून लढाया खेळायचे. पुढे कारखाने बंद पडले, साचे अडगळीत गेले. अलीकडे कोणी कोणी ते जुने साचे शोधून त्यांतून पुन्हा तेच राक्षस ओततात. शालिकभाऊंना फक्त तेच चालतात. प्लास्टिकचे नवे त्यांना दाखवले तर म्हणतात, "हे पंख्याच्या हवेनं पडते. राक्षस हाय का पतंग?"

एकदा मी दुकानात बसलो असताना एक शेतकरी घाईघाईने आला.

"भाऊ, मोटर झाली का? हरभऱ्याले पाणी द्याचं हाय."

भाऊंच्या डोळ्याला घड्याळजीचं भिंग. हातात चेटकीण. "थांब जरासा. हिची एक भुवई झाली, दुसरी राह्यली. असं अर्धं सोडून उठलो त बाई काय म्हणन?"

शेतकरी वाकून पाहू लागला. "बाई हाय हे? मले त आमच्या तलाठ्यावाणी दिसून राह्यली."

"तलाठी असा सरळ पाह्यते का कधी?" भाऊ म्हणाले आणि दुसरी भुवई काढली. मग उठून त्याची मोटार दिली. मोटार आदल्या दिवशीच तयार होती. भाऊंनी भरलेली मोटार पुन्हा जळून आली, असं तालुक्यात कोणी सांगत नाही. म्हणून लोक भुवया होईपर्यंत थांबतात.

रेखावहिनींना हे सगळं पाठ आहे. "माशीयेवढ्या डोयात बाहुली काढते हा माणूस," त्या चहा ठेवत म्हणतात, "अन् चुलीवर दूध उतू गेलं ते दिसत नाही."

"दुधाले डोये नसतात," भाऊ म्हणतात.

एक म्हातारी मुलासोबत मोटार न्यायला आली होती. फळीवरचा त्रिशूळ घेतलेला हिरवा राक्षस तिला देव वाटला. तिने कमरेची पिशवी सोडली, त्याच्या कपाळाला कुंकू लावलं, हात जोडले. त्या राक्षसाच्या कातडीवर भाऊंनी सव्वा महिना घालवला होता. मला वाटलं, आता बोलतात. ती गेल्यावर मी ओला कापूस पुढे केला तर म्हणाले, "राहू दे बे. त्याले एवढ्या वर्षात कोणी हात जोडले असतीन?" तो राक्षस अजून कुंकवासकट उभा आहे.

त्यांना डोळा काढताना मी पुष्कळदा पाहिलं आहे, आणि प्रत्येक वेळी मला देवळात उभं राहिल्यासारखं होतं. ब्रशचे केस कापत कापत तीनच उरवलेले. कोपर टेबलाला टेकलेलं, मनगट मनगटावर. श्वास आत घेतात आणि ठेवून देतात. बाहेर एसटीचा हॉर्न, समोर कोणी ट्रॅक्टर मागे घेतोय, आणि हे मोटारीच्या ग्रीसने काळे झालेले हात हलत नाहीत. मग एक ठिपका, आणि त्या ठिपक्यात दुसरा. एकदा त्यांनी मला भिंग दिलं. एका म्हाताऱ्या जादूगाराच्या बुबुळात पांढरी खिडकी होती, तिला मधोमध गज होता. दुकानाची खिडकी. मी ती खिडकी पाहिली, तो डोळा पाहिला, आणि घाईने भिंग परत दिलं. त्यांना वाटलं, वयामुळे मला दिसलंच नाही.

आता माझी गोष्ट.

शालिकभाऊ दहावीला, मी सातवीला. शेजारी शेजारी घरं. त्यांच्या इंग्रजीच्या सरांनी पत्रमित्रांचे पत्ते वाटले, त्यात भाऊंना इंग्लंडमधला कॉलिन नावाचा मुलगा मिळाला. पहिल्याच पत्रात त्याने विचारलं होतं, तुझ्या खिडकीतून काय दिसतं? भाऊंनी शब्दकोश मांडीवर घेऊन आठ पानं लिहिली. "आपल्या गावात कोणी कोणाले असं विचारते का?" ते मला तेव्हा म्हणाले होते. "सगळ्यायले वाटते, सगळ्यायले दिसून राह्यलं."

चौथ्या पत्रात कापसात गुंडाळून तो म्हातारा आला. बुटका, टकला, दाढी पोटापर्यंत, एका हातात कंदील. कॉलिनने लिहिलं होतं, हा माझा सगळ्यात आवडता आहे. तू तुझ्याकडच्या रंगांनी रंगव आणि मला फोटो पाठव.

भाऊंनी तो कंपासपेटीत ठेवला आणि रोज मला दाखवला. मला हात लावू दिला, जड लागतो का पाहा म्हणाले. मला त्याचाच राग यायचा. माझ्याजवळ त्यांना दाखवायला काहीच नव्हतं. त्यातच माझ्या वर्गात पैज लागली, म्हातारा चांदीचा आहे की नाही.

माझ्या वडिलांचं भांड्यांचं दुकान होतं. बाजाराच्या दिवशी दुकानापुढे कल्हईवाले चाचा भाता मांडून बसायचे. मी कंपासपेटीतून म्हातारा काढला आणि चाचांपुढे धरला. त्यांनी तळहातावर तोलला, हसले. "चांदी कहाँ बेटा, रांगा है. शीशा भी है थोडा. देख." रांगा म्हणजे कथील, कल्हईचाच धातू. चाचांनी निखाऱ्यावर तापलेल्या पातेल्याला त्याचा कंदील टेकवला.

मी नको म्हणेपर्यंत कंदील गेला होता. मग हात, मग दाढी. चाचांनी झटकन उचलला, पण उरला तो अर्धा.

"बाकी का क्या करूँ?"

हाच तो क्षण. अर्धा म्हातारा घेऊन मी भाऊंकडे जाऊ शकत होतो. रडलो असतो, त्यांनी एक ठेवून दिली असती, आणि कॉलिनला ते लिहू शकले असते की माझ्या शेजारच्या गाढवाने असं असं केलं. मी म्हणालो, "डाल दो."

नवसागराचा धूर झाला, चाचांनी कापसाचा बोळा फिरवला, पातेलं आतून चंद्रासारखं लखलखलं. ते पातेलं शालिकभाऊंच्या आईचं होतं. त्यातली कढी मी त्याच आठवड्यात दोनदा प्यायलो.

भाऊंनी घर उलटंपालटं केलं. दोन दिवस आम्ही दोघांनी मिळून नाली उपसली. हो, मीही उपसली, गुडघाभर चिखलात उभा राहून. तिसऱ्या दिवशी ते म्हणाले, "माह्याच हातून पडला असन कुठी." फोटो पाठवायचा कशाचा, म्हणून त्यांनी पत्र लिहिलं नाही. कॉलिनची आणखी दोन पत्रं आली. त्यांनी ती उघडली नाहीत. मग ती यायची बंद झाली.

मधल्या वर्षांत मी इंग्रजीचा शिक्षक झालो, भाऊंनी दुकान टाकलं. हे जुने साचे पुन्हा निघू लागल्याचं त्यांना फोनवर कळलं आणि पाव्हणे येऊ लागले. बरीच वर्षं मला वाटायचं, हा एक छंद आहे. एकदा ते सांगत होते की जुन्या आकृत्यांत शिसं असायचं, आता काढून टाकलंय, विषारी असतं म्हणून. मला ते कल्हईचं पातेलं आठवलं.

"भाऊ, तुमचं पोट बरं असतं ना?"

"बरं हाय. काऊन?"

"नाही, शिसं पोटात गेलं तर..."

"राक्षस माणसं खातात, दिनकर. राक्षसाले कोण खाईन बे?"

वहिनी हसल्या, मीही हसलो. तेव्हापासून मी दर दोन-तीन महिन्यांनी त्यांच्या पोटाची चौकशी करतो. त्यांना वाटतं, हा भल्ता जीव लावते.

गेल्या दिवाळीनंतर कंदीलवाला म्हातारा आला. तोच साचा. भाऊंनी पाय धुतले, पुसला, फळीवर बसवला. आठ दिवस झाले, महिना झाला, रंग नाही. मी विचारलं तर खणातून एक कागद काढला.

"बाकीचे सगळे हात बसावा म्हणून रंगवले," ते म्हणाले. "याच्यासाठी. आता हा आला त वाटते, याचा फोटो पाठवला त खोटं होईन. हा त्यानं देल्ला नाही, दुकानातून आला. म्हणून खरं लिहून टाकलं. तू इंग्रजीचा मास्तर, चुका पाह्य."

पत्र दीड पानाचं होतं. पत्ता अडतीस वर्षांपूर्वीचा. तू पाठवलेला म्हातारा मी हरवला, असं त्यात होतं. मी नीट सांभाळला नाही, आणि लाजेने तुला लिहिलं नाही. आता तसाच एक आणला आहे. त्याच्या कंदिलात कोणता उजेड द्यायचा, ते तू सांगशील तर बरं होईल. शेवटी त्यांनी आता दुकानाच्या खिडकीतून काय दिसतं ते लिहिलं होतं.

मी खिशातलं लाल पेन काढलं. दोन स्वल्पविराम दिले. एक काळ बदलला. ‘लॉस्ट’ या शब्दात त्यांनी एक ओ जास्त घातला होता, तो खोडला. कागद परत दिला.

"बस, येवढ्याच चुका?" ते खूश होऊन म्हणाले.

"एवढ्याच," मी म्हणालो.

त्यांनी पत्र नव्याने सुवाच्य अक्षरात उतरवलं आणि स्वतः जाऊन टाकलं. त्याला तीन महिने झाले. म्हातारा अजून तसाच राखाडी बसला आहे. मी दुकानात गेलो की भाऊ आपणहून सांगतात, "नाही आलं अजून. पत्ता जुना हाय ना." मग भिंग लावून दुसऱ्या कोणाचं तरी नाक रंगवायला घेतात.

शालिकभाऊ मासिकं वाचत नाहीत, म्हणून मी हे लिहू शकलो. तेव्हा हे लिहिणं फेडीत धरू नये. शालिकभाऊंना मी एक वाक्य देणं लागतो, त्यांच्या दुकानात, त्यांच्यासमोर बसून: भाऊ, तो तुम्ही हरवला नाही, मी नेला. आणि इंग्लंडच्या त्या पत्त्यावर एक पत्र देणं लागतो, माझ्या नावाचं.