चारशेचं मशीन आणि फुकटचा गॉगल

एका जंगलात वीज पोचली होती, अक्कल अजून वाटेत होती. त्या जंगलात खवलेराव नावाचं एक खवले मांजर राहायचं. बाळांनो, खवले मांजराच्या अंगावर टणक खवले असतात. भीती वाटली की ते अंगाची गुंडाळी करून गप्प पडून राहतं. खवलेराव घरातल्या प्रत्येक अडचणीवर हाच उपाय करायचे.

पण त्यांच्या पिल्लाचे खवले अजून मऊ होते. आणि चार दिवसांपासून एक तरस बिळाच्या तोंडाशी येऊन हुंगून जात होता. खवलेवहिनींना घास गिळवेना. बिळाला लोखंडी दार बसवा, एवढंच त्या म्हणत होत्या.

खवलेरावांनी मनावर घेतलं. म्हणजे दोन दिवस मोबाईलवर वेल्डिंगचे व्हिडिओ पाहिले. मग म्हणाले, "दार काय, कुणीही करून देईल. आपण मशीनच घेऊ. मागच्या छपरात घरचं वर्कशॉप टाकू."

दोघं कोल्हेशेठच्या दुकानात गेली. वहिनींनी विचारलं, एका दारापुरतं लहान मशीन नाही का चालणार? आमची वायर घरगुती आहे, तिला किती झेपेल? आणि तोंडावर धरायचा मास्क कुठला घ्यावा?

कोल्हेशेठने सगळं नीट ऐकून घेतलं आणि खवलेरावांकडे बघून उत्तर दिलं. बाईने विचारायचं आणि दुकानदाराने तिच्या नवऱ्याला सांगायचं, अशी त्या जंगलातली रीतच होती.

"राव, दोनशे अँपियरचं मशीन म्हणजे खेळणं. हे चारशेचं बघा. या भावात चारशे तुम्हाला कुणी देणार नाही."

चारशे हा आकडा मशीनवरच्या स्टिकरवर होता. स्टिकर फार सुंदर होता. आत काय होतं ते कुणी पाहिलं नाही.

आता मास्क बजेटात बसेना. कोल्हेशेठ म्हणाला की मास्क शिकाऊ पोरांना लागतो, जुना कारागीर नुसती मान वळवतो आणि वेल्डिंगचा टाका मारतो. खवलेरावांनी जन्मात एक टाका मारला नव्हता. तरी ते तिथल्या तिथे जुने कारागीर झाले. वर शेठने एक काळा गॉगल फुकट दिला. एवढा फायदा कोण सोडतं?

मशीन घरी आलं. त्याला हळदकुंकू लावलं, हार घातला, नारळ फोडला. शेजारचे ससे, माकडं, साळिंदरं, सगळे बघायला जमले. वहिनी पिल्लाला घेऊन आतल्या कोपऱ्यात गेल्या आणि मध्ये जाड चादर टांगली. त्यावर खवलेराव म्हणाले, "हिला वाटतं मी बाँब फोडतोय." सगळे पोट धरून हसले आणि दोन पावलं आणखी जवळ सरकले.

काम सुरू झालं. मशीन चारशेचं आणि घरची वायर पंख्यापुरती, त्यामुळे वेल्डिंगचा रॉड लोखंडाला सारखा चिकटत होता. ठिणगी उडाली की खवलेराव डोळे मिटायचे. टाका बिजागरीवर पडायचा सोडून बाजूला पडत होता. पण उजेड झकास पडत होता, आणि लोक उजेडच बघायला आले होते. संध्याकाळपर्यंत दार उभं राहिलं.

दुसऱ्या दिवशी खवलेरावांच्या डोळ्यांत वाळू गेल्यासारखं झालं. शेजाऱ्यांनाही तसंच झालं. वहिनी म्हणाल्या, डॉक्टरांकडे चला. पण डॉक्टर लांब होते आणि बटाटे घरात होते. सगळी आळी डोळ्यांवर बटाट्याच्या चकत्या ठेवून ओळीने आडवी झाली.

तिसऱ्या दिवशी भर दुपारी तरस आला. त्याने दाराला एक पंजा लावला. दार सरळ आत पडलं. तरस स्वतःच दचकला. एवढी सोय त्याला अपेक्षित नव्हती.

खवलेरावांनी अंगणातल्या बाजेवर गुंडाळी केली. चकत्या मात्र हलू दिल्या नाहीत.

वहिनींनी पिल्लाला पोटाशी धरलं आणि त्याच्याभोवती स्वतःला घट्ट गुंडाळून घेतलं. तरसाने त्यांना चावून पाहिलं, लोळवलं, भिंतीवर आपटलं. शेवटी त्याचा एक दात तुटला आणि तो चडफडत निघून गेला. तो गेल्यावरही वहिनी तासभर उलगडल्या नाहीत. मग त्यांनी पिल्लाचे चारी पाय चाचपले, शेपूट चाचपली. सगळं जागेवर होतं.

"गेला का गं?" बाहेरून खवलेरावांनी विचारलं.

"गेला."

"बघ. दाराने कसा अडवला."

वहिनी त्याच दारावर बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "अहो, आता तरी मास्क आणा."

"आता कशाला? दार तर झालं."

पुढच्या आठवड्यात साऱ्या आळीने चारशेचं मशीन सांगून ठेवलं. गॉगल प्रत्येकाला फुकट मिळाला.

तात्पर्य : बाळांनो, डोळे दोन असतात आणि मशीन एकच असतं. म्हणून खर्च मशीनवर करावा आणि डोळे बटाट्याच्या भरवशावर सोडावेत. घरात आई असली म्हणजे दार कच्चं असलं तरी चालतं.