उरकुडेभाऊ पत्ता सांगत नाहीत

उरकुडेभाऊंना कधी पत्ता विचारू नका. त्यांना माहीत नसतो असं नाही, वर्ध्यातली गल्ली न् गल्ली त्यांना तोंडपाठ आहे. पण ते सांगत नाहीत. "तुमी बसा, मी पाहून येतो," म्हणतात, चपला घालतात आणि तुमच्याऐवजी स्वतःच तिथे जातात.

मागे माझी दाढ ठणकत होती. ऑफिसात मी सहज विचारलं, इथे जवळपास दातांचा बरा डॉक्टर कुठे आहे हो? उरकुडेभाऊ उठले, "तुमी बसा, ताई" म्हणाले आणि गेले. मला वाटलं, नंबर लावायला गेले असतील. पाऊण तासाने आले ते गोळ्या घेऊन. माझी दाढ समजावून सांगता यावी म्हणून हे स्वतः खुर्चीत आडवे झाले होते म्हणे. डॉक्टरांनी बॅटरी मारून पाहिलं आणि दात ठणठणीत असल्याचं सांगितलं. त्यावर यांचं उत्तर, की माझे असतीलच, दुखते ते ताईची. आता यावर डॉक्टरने तरी काय बोलावं? बिचाऱ्याने दोन दिवसांच्या गोळ्या दिल्या आणि जिची दाढ आहे तिलाच पाठवा म्हणून हात जोडले. गोळ्या मला लगेच मिळाल्या. निरोप मात्र चार दिवसांनी, बोलता बोलता निघाला.

एका लग्नात कुणीतरी त्यांना विचारलं होतं, नवरीचे वडील कुठे बसले आहेत. उरकुडेभाऊंनी ते पंगतीतून, हातात पुरी असतानाच उठवून आणले.

आमचं ऑफिस स्टेशनरीच्या दुकानावर आहे. मालक विजूभाऊ, उरकुडेभाऊ, मी आणि एक पंखा, एवढाच स्टाफ. शाळांच्या, कापसाच्या जिनिंग कारखान्यांच्या, बाजार समितीच्या वेबसाइटी आम्ही करतो. भाऊ पूर्वी सेलूला टायपिंग शिकवायचे. टायपिंगची मशीनं भंगारात गेली तेव्हा त्यांनी एका जुन्या पुस्तकावरून प्रोग्रामिंग शिकून घेतलं. त्या पुस्तकाची पहिली चाळीस पानं गहाळ होती. त्यामुळे त्यांना अवघड सगळं येतं, सोपं विचारलं की अडतात. टाइप करताना कीबोर्डकडे पाहत नाहीत, खिडकीबाहेर पाहतात, आणि तरी माझ्यापेक्षा कमी चुकतात.

मी नवीन लागले तेव्हा बाजार समितीच्या साइटवरचा एक फोन नंबर बदलायचा होता. दोन मिनिटांचं काम. 'नोंदणी' नावाचं पान उघडलं तर आत एकच ओळ, 'अर्ज' पानाकडे जा. 'अर्ज' उघडलं, तिथे ओळ होती 'जुना अर्ज' पानाकडे जा. तिथून पुढे आणखी कुठे. ब्राउझरमध्ये वर पत्ता मात्र नोंदणीचा तो नोंदणीचाच, जरा म्हणून हलेना. दोन दिवस मी भुतासारखी हिंडले. शेवटी तो नंबर सापडला 'दिवाळी' नावाच्या फाइलमध्ये. दिवाळी काऊन, विचारलं तर म्हणाले, दिवाळीच्या सुट्टीत लिवली होती.

मग त्यांनी मला त्यांचा धर्म सांगितला. पाहणाऱ्याने एक पान मागितलं आणि ते दुसरीकडे असलं, तर सर्व्हरपुढे दोन रस्ते असतात. एक म्हणजे रिडायरेक्ट. इथे नाही, त्या पत्त्यावर जा, असं सांगायचं. मग ब्राउझर उठतो, नव्या पत्त्यावर जातो, वरचं नावही बदलतं. दुसरा रस्ता फॉरवर्डचा. सर्व्हरने स्वतःच आतल्या आत जायचं, पान आणायचं आणि मागितलं त्याच पत्त्यावर समोर ठेवायचं. मागणाऱ्याला पत्ताही लागत नाही, की ते आलं कुठून.

"खिडकीवरचा बाबू म्हणते, चार नंबरले जा. चार नंबरवाला म्हणते, सातले जा," उरकुडेभाऊ म्हणाले. "अरे बाबू, तू ऊठ ना. आतून जा, कागद आण. दारात आलेल्याले परत काऊन पाठवता?"

मला पटलं. कळलं मात्र अर्धंच, कारण त्यांच्या त्या फॉरवर्डांच्या जंजाळात कुठलं पान कुठून येतं याचा माझा गोंधळ पुढे वर्षभर टिकला.

त्यांची आणखी एक खोड होती. रोज सकाळी आल्या आल्या ते सर्व्हरचा लॉग उघडायचे. कोणी, कधी, कोणतं पान मागितलं याची ती यादी असते. हजारो ओळी. भाऊ पोथी वाचल्यासारखे बोट फिरवत खाली जायचे, एका ओळीपाशी थांबायचे आणि मग चहा मागवायचे. त्याआधी चहा नाही. मी आपली समजत होते, की सर्व्हरची तब्येत पाहतात.

मग कापसाचा हंगाम आला आणि गुल्हानेकाकांचं प्रकरण झालं. कापूस विकायला आणायचा तर बाजार समितीच्या साइटवर टोकन काढायचं, अशी सोय आम्ही करून दिली होती. तळेगावच्या गुल्हानेकाकांनी मोबाईलवर अर्ज भरला, बटण दाबलं. नंबर आला की नाही म्हणून पान खाली ओढलं. आता भाऊंच्या फॉरवर्डमुळे पत्ता तोच राहिलेला, म्हणून रिफ्रेश केलं की तोच अर्ज पुन्हा जायचा. मोबाईल विचारायचा, पुन्हा पाठवू का? काका म्हणायचे, पाठव बा. असं त्यांनी एकतीस वेळा केलं.

ठरल्या दिवशी गेटवरच्या भोंग्यातून नाव पुकारलं, गुल्हाने. मग पुन्हा गुल्हाने. मग पुन्हा. मागे गाड्यांची रांग लागलेली आणि पुढे एकटे गुल्हाने संपता संपेनात. लोक म्हणायला लागले, हे गावच गुल्हान्यांचं आहे का काय? काकांचा कापूस होता अर्धी गाडी, आणि काका स्वतः लाजेने चहाच्या टपरीमागे उभे होते.

विजूभाऊ एरवी थंड माणूस, त्या दिवशी तापले. सगळे फॉरवर्ड काढा, सगळीकडे रिडायरेक्ट टाका, आणि आजच्या आज. काम माझ्याकडे आलं. उरकुडेभाऊ वाद घालतील असं वाटलं होतं, पण त्यांनी चूक कबूल केली. अर्ज भरल्यावर रिडायरेक्टच पाहिजे होतं, म्हणाले, माह्या ध्यानात नाई आलं. फक्त जाता जाता माझ्या टेबलापाशी थांबून म्हणाले, "ताई, ते एक हिंगणीचं राहू देजो."

मी हो म्हटलं. पण माझ्या कानाला बाजार समितीचा फोन होता, तिकडून शिव्या येत होत्या, आणि माझा हो नेमका कुणाला होता ते देव जाणे. संध्याकाळपर्यंत मी एकूण एक फॉरवर्ड बदलून टाकले आणि मोठा गड जिंकल्यासारखी घरी गेले.

दुसऱ्या दिवशी भाऊंनी लॉग उघडला. बोट खाली गेलं, थांबलं, आणि तिथेच राहिलं. मग त्यांनी विचारलं, हिंगणीचंही बदललं का. मी म्हटलं, हो, सगळंच तर बदललं. "बरं," म्हणाले. त्या दिवशी चहा मागवला नाही. तिसऱ्या दिवशी नाही, चौथ्याही दिवशी नाही.

आणि चौथ्या दिवशी जे घडलं त्याने आमचा पंखा तेवढा थांबायचा राहिला. एक बाई वर आल्या. त्यांनी विचारलं, झेरॉक्सचं दुकान कुठे आहे. उरकुडेभाऊंनी बसल्या जागेवरून बोट केलं आणि म्हणाले, "तिकडं. खाली विचारा."

विजूभाऊंनी माझ्याकडे पाहिलं, मी विजूभाऊंकडे. विजूभाऊ जेवायला गेल्यावर मी खुर्ची ओढून भाऊंसमोर बसले आणि म्हटलं, आता सांगा, मी काय मोडलं?

त्यांनी सांगितलं. हिंगणी हे त्यांचं गाव, बोर धरणाजवळचं. तिथल्या एका मास्तरांनी गावाच्या खबरांचं एक पान सुरू केलं होतं, ते आमच्याच सर्व्हरवर होतं. मास्तर रिटायर होऊन पोराकडे गेले तेव्हा ते बंद पडणार होतं. भाऊंनी गुपचूप ते स्वतः लिहायला घेतलं, आपल्या, म्हणजे मधुकर उरकुडे या नावाच्या कप्प्यात. वरचा पत्ता मात्र मास्तरांचाच ठेवला आणि आतून फॉरवर्ड केलं. रोज संध्याकाळी चार जणांना फोन करून खबरा गोळा करायच्या आणि लिहायच्या. ते पान वाचणारा जगात एकच माणूस होता. त्यांचा मोठा भाऊ, भिलाईला असतो. रोज सकाळी सहा-सव्वासहाला त्याची एक ओळ लॉगमध्ये पडायची.

"दादा माह्याशी बोलत नाई," भाऊ म्हणाले. "माहं नाव दिसलं असतं तं त्यानं वाचलंच नसतं. त्याले वाटते, मास्तरच लिवते. आता वर माहं नाव आलं. त्या दिवशी पाह्यलं त्यानं, अन् दुसऱ्या दिवसापासून बंद."

बोलत का नाहीत, हे मी विचारायला नको होतं, पण विचारलं. वडील दवाखान्यात होते. दादाचा भिलाईहून फोन आला, बाबा कसे आहेत. उरकुडेभाऊ तेव्हा खाली औषधाच्या रांगेत उभे होते.

"मी म्हटलं, मी खाली आहो, वार्डातल्या सिस्टरचा नंबर देतो, तिले विचार. तिनं दुसरा नंबर देल्ला. त्यानं तिसरा. तिसऱ्यानं सांगतलं, ते तं गेले." उरकुडेभाऊ खिडकीबाहेर पाहत होते. "बाप गेल्याचं माह्या भावाले कोण्या अनोळखी माणसानं सांगतलं, ताई. मी दोन जिने चढून पाहून येऊ शकलो असतो."

मला स्वतःचाच राग आला. सहा वर्षं या माणसाच्या "तुमी बसा"वर आम्ही हसत होतो. मी उठले आणि हिंगणीचं पान पुन्हा होतं तसं केलं. भाऊ म्हणाले, राहू द्या, आता काय फायदा. खबरा लिहिणं त्यांनी चहा बंद झाला त्या दिवसापासूनच सोडलं होतं.

पाचव्या दिवशी ते लॉग उघडेचनात. म्हणून मीच उघडला. जुन्या पत्त्यावर कोणी आलेलं नव्हतं. पण त्याच्याखाली, सहा वाजून बारा मिनिटांनी, कोणीतरी सरळ नव्या पत्त्यावर आलेलं होतं. मास्तरांच्या दाराने नाही, भाऊंच्या नावाने, पत्ता स्वतः लिहून. मला वाटलं माझाच काही घोळ झाला असेल. तीनदा पाहिलं. मग पानाच्या तळाशी अभिप्रायाची एक चौकट होती, जिच्यात आजवर कुणी एक अक्षर लिहिलेलं नव्हतं, ती पाहिली. आणि मी भाऊंना हाक मारली.

तिथे लिहिलं होतं, "मधू, तीन दिवस झाले, पायऱ्या लिवल्या नाई. मी आता कोणाले विचारू?"

पायऱ्या म्हणजे धरणाच्या काठच्या. पाणी उतरलं की किती पायऱ्या उघड्या पडल्या, ते भाऊ रोज खबरांच्या शेवटी लिहायचे. लहानपणी वडील दोघांना तिथे नेऊन मोजायला लावायचे. मास्तरांची जुनी पानं मी नंतर सगळी चाळली, त्यांत पायऱ्या कुठेच नाहीत. म्हणजे दादांना पहिल्या दिवसापासून माहीत होतं का? मग मधले दोन दिवस ते का आले नाहीत? कोण कुणापासून काय लपवत होतं, याचा विचार करून माझं डोकं अजून गरगरतं.

उरकुडेभाऊंनी ते वाचलं. पुन्हा वाचलं. मग उभे राहिले आणि टेबलाखाली चपला शोधायला लागले. डोळे भरलेले, त्यामुळे माझीच एक चप्पल पायात घातली, ती मी काढून घेतली. मला वाटलं, दादांना फोन करायला बाहेर निघाले. मी म्हटलं, भाऊ, धरणाची पातळी सरकारच्या साइटवर रोज येते, थांबा, लिंक देते.

"त्याच्यात पायऱ्या नसते," ते म्हणाले. "तुमी बसा. मी पाहून येतो."

खाली गाडी सुरू झाल्याचा आवाज आला. हिंगणीला जाऊन मोजून परत यायचं म्हणजे दुपार होणार. तोवर तिकडे भिलाईला एक माणूस पान पुन्हा पुन्हा खाली ओढत बसणार, हे मला दिसत होतं. म्हणून मी त्या चौकटीत, त्यांच्या ओळीच्या खाली लिहिलं, "मधुकरभाऊ पाहायला गेले आहेत. तुम्ही बसा."