भोपळ्याच्या वेष्टनातली ऑर्गनवाली

आयोवातल्या वेस्टवेल्ड गावात पानगळ आधी समितीत मंजूर होते, मग झाडांवर येते. सप्टेंबर लागला की चर्चची 'शरद-वाचन शिफारस समिती' स्वयंपाकघराला लागून असलेल्या खोलीत बसते. बाहेर उकाड्याने जीव नकोसा झालेला असतो, मक्याचं पान हलत नसतं. पण दालचिनीच्या वासाची मेणबत्ती पेटल्याशिवाय आणि सभासदांनी अंगावर शाली घेतल्याशिवाय कामकाज सुरू होत नाही. थंडीतल्या पुस्तकांचा विचार घामाघूम होऊन केला, तरच तो गांभीर्याने केला असं धरतात.

समितीचं काम एकच. अंगावर गोधडी, हातात कॉफी, मांडीवर पुस्तक असा देखावा जमवायला योग्य असं चांगलं, ताजं, ख्रिस्ती पुस्तक मंडळीला सुचवायचं. दरवर्षीच्या पुस्तकावर एक लाल कोठार असायचं, कोठाराकडे बघणारी पाठमोरी बाई असायची आणि आत शेवटी लग्न असायचं. चर्चच्या ग्रंथालयाची, म्हणजे भिंतीतल्या दोन कपाटांची, किल्ली मार्लिस डी बोअरकडे होती. बाया यायच्या, "मागच्या वेळचं ते छान होतं ना, ते दे" म्हणायच्या आणि मार्लिस हाताला येईल ते द्यायची. 'हे ते नव्हे' म्हणून आजवर एकीनेही पुस्तक परत आणलं नव्हतं.

या वर्षी मात्र मार्लिसची पंचाईत झाली. तिने एक पुस्तक वाचलं.

'बर्फातला ऑर्गन' त्याचं नाव. एका लहानशा गावातल्या पाळकाची बायको. एका हिवाळ्यात तिचा विश्वास आटतो. कारण काही मोठं नाही. सकाळी उठून बघते तर नाही. तरी ती दर रविवारी चर्चमध्ये ऑर्गन वाजवत राहते, कारण गावात दुसऱ्या कोणाला तो येत नसतो. आणि अगदी शेवटच्या पानावर, गीताचं तिसरं कडवं चालू असताना, ती ऑर्गनचं झाकण लावते, मधल्या वाटेने चालत जाते आणि बाहेर बर्फात निघून जाते. दार लागतं. पुस्तक संपतं. बाई कायमची गेली की चार श्वास घेऊन परत आली, हे लेखिकेने सांगितलेलंच नाही! मार्लिस त्या पानाशी आधी रडली, मग चिडली, मग पुन्हा पहिल्यापासून वाचायला बसली. आता तिला कोणीतरी हवं होतं. हे पुस्तक वाचलेलं एक, फक्त एक माणूस, ज्याला विचारता येईल, की काय वाटतं, आली असेल का ती परत?

नवऱ्याला विचारून झालं होतं.

"हारलन, ती परत आली असेल का रे?"

"कोण?"

"ऑर्गनवाली."

"मक्यात अजून ओल आहे," हारलन म्हणाला. कापणी संपेपर्यंत त्याच्याकडे सगळ्या प्रश्नांना हेच उत्तर असायचं.

म्हणून मार्लिसने ते पुस्तक समितीपुढे ठेवलं. समितीत तिघं. अध्यक्ष डार्लीन व्हान रोकेल, जिच्या परवानगीशिवाय चर्चमधली खुर्चीसुद्धा आपली जागा बदलत नसे, तरुण पाळक ट्रेंट, आणि मार्लिस.

"थंडीत वाचायचं पुस्तक," डार्लीन शालीने घाम टिपत म्हणाली, "मग त्यात आणखी थंडी कशाला?"

"बर्फ आहे खरा, पण..."

"आणि शंका कोणाला येते म्हणालीस?"

"पाळकांच्या बायकोला."

"कसली?"

"देवाबद्दल."

मेणबत्ती तडतडली. "मी माझ्या बायकोला विचारून सांगतो," पाळकसाहेब म्हणाले. मग जरा विचार करून म्हणाले, "नाही, नकोच विचारायला."

पण मार्लिस हटली नाही. तिने आजवर समितीत कधी तोंड उघडलं नव्हतं, त्यामुळे तिला गप्प कसं करायचं याचा नियम कोणी केलेला नव्हता. शेवटी तोडगा निघाला. पुस्तकाची शिफारस करावी. मात्र शंका ज्या पानांवर आहे ती पानं पेपरक्लिपने बंद करून 'ऐच्छिक' समजावीत. प्रस्ताव डार्लीनने मांडला, पाळकसाहेबांनी अनुमोदन दिलं. क्लिपा लावायला घेतल्या, तर सुरुवातीची थोडी पानं आणि मागची लेखिकेच्या आभाराची एवढीच मोकळी राहिली.

"छोटेखानी आहे म्हणजे," डार्लीन समाधानाने म्हणाली. "बायकांना वेळ कुठे असतो?"

मग प्रश्न आला मुखपृष्ठाचा. ते राखाडी होतं. राखाडी पुस्तक गोधडीवर मेलेल्या उंदरासारखं दिसतं, असं चर्चसाठी गोधड्या शिवणाऱ्या गोधडी-मंडळाचं मत पडलं. गोधडी-मंडळाने लगेच कापडी वेष्टनं शिवायला घेतली. नारिंगी भोपळा, त्यावर हिरवं पान, कडेला झालर, आणि बंद करायला लाकडी गुंड्या. वेष्टनं इतकी देखणी झाली, की हातोहात खपली. गुंड्या मात्र नाजूक होत्या. उघडझाप केली तर दोरा सैल पडेल, म्हणून 'शक्यतो उघडू नये' अशी चिठ्ठी प्रत्येकीला जोडली होती.

ऑक्टोबर उजाडेपर्यंत 'बर्फातला ऑर्गन' घरोघर पोचला. चर्चच्या दालनातल्या फळ्यावर फोटो झळकू लागले. पुस्तक आणि कॉफी, पुस्तक आणि कुत्रा, पुस्तक आणि झोपलेला नातू. फोटो लावला की वाचन पूर्ण झालं असं समजावं, असा ठराव समितीने केला, कारण दुसरा पुरावा मागणं शेजारधर्माला धरून नव्हतं. प्रती संपल्या तरी मागणी थांबेना. तेव्हा गोधडी-मंडळाने खुलासा केला, की वेष्टन या मापाच्या कुठल्याही वस्तूला बसतं. मग फोटोंची स्पर्धाही झाली. पहिलं बक्षीस ज्या फोटोला मिळालं, त्यातल्या भोपळ्याच्या आत ट्रॅक्टरच्या दुरुस्तीची पुस्तिका होती. परीक्षकांनी लिहिलं, 'वाचनातली तल्लीनता जाणवते.'

मार्लिस फळ्यापुढे उभी राहायची आणि तिचा जीव सुपाएवढा व्हायचा. बाई गं! इतके वाचक! आता विचारायला माणसं कमी नाहीत.

महिनाअखेरीला चर्चा-संध्याकाळ ठरली. भोपळ्याच्या वड्या झाल्या, हॅमचे पाव झाले, वड्यांवरच्या साखरेत लोणी किती याची चर्चा झाली. मग डार्लीनने टाळी वाजवली. "हं, पुस्तकाबद्दल बोला."

"किती उबदार आहे!" एक म्हणाली.

"नारिंगी रंग अगदी माझ्या पडद्यांना जुळला," दुसरी म्हणाली.

मार्लिसने धीर केला. "मला एकच विचारायचंय. ऑर्गनवाली अशी मध्येच उठून गेली... तिचा विश्वासच उडाला होता बिचारीचा... तर तुम्हाला काय वाटतं, ती परत येईल का?"

वड्या खाणं थांबलं. कोणाचा घास हातात, कोणाचा तोंडात. मग डार्लीन उठली, मार्लिसजवळ आली आणि तिने तिचे दोन्ही हात हातात घेतले. डोळ्यांत पाणी होतं.

"बरं झालं तू बोललीस," ती म्हणाली. "हे एकटीने मनात ठेवायचं नसतं."

आता एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. वेस्टवेल्डमध्ये कोणी कोणाची चहाडी करत नाही. ते पाप आहे. तिथे प्रार्थना-साखळी आहे. एकीने दुसरीला फोन करायचा, दुसरीने तिसरीला, गरजवंतासाठी प्रार्थना करायची आणि त्याच्या घरी शिजवलेलं भांडं पोचवायचं. प्रार्थना नेमकी व्हावी म्हणून माहिती तपशीलवार लागते, आणि तपशील कमी पडला तर ज्याने त्याने आपल्या पदरचा घालायचा. चर्चमध्ये ऑर्गन वाजवणारी एकच बाई होती, लव्हॉन झायलस्ट्रा, आणि ती चर्चेला आली नव्हती. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत लव्हॉनचा विश्वास उडाला होता, ती घर सोडून निघाली होती आणि दक्षिणेकडच्या कुठल्याशा बसमध्ये बसलेली दोघींनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली होती.

लव्हॉन त्या वेळी अंगणात पानं गोळा करत होती.

संध्याकाळी तिने मार्लिसचं दार बडवलं. "माझ्या फ्रीजमध्ये दुधाची बाटली ठेवायला जागा नाही! सकाळपासून खिमा-बटाट्याची भांडी येताहेत. प्रत्येकाच्या तळाला नाव चिकटवलेलं, म्हणजे परत द्यायची कटकट. एक बया कारण सांगेल तर शपथ! हात दाबतात आणि म्हणतात, 'आम्ही आहोत हो.' मला झालंय तरी काय, मार्लिस?"

"तुझा विश्वास उडालाय," मार्लिस खाली मान घालून म्हणाली.

"कधी?"

"हिवाळ्यात. आणि तू बर्फात निघून गेलीस."

"आणि माझ्या नवऱ्याला, स्टॅनला हे माहीत आहे?"

"सगळ्यांना माहीत आहे. स्टॅन काय म्हणतो?"

"तो मेला दुपारपासून चापून जेवतोय आणि म्हणतो, तुला जे काय झालंय ते आणखी थोडे दिवस राहू दे!"

मार्लिसने तिला बसवलं आणि सगळी हकीकत सांगितली. लव्हॉनने डोक्याला हात लावला. मग म्हणाली, "आण ते पुस्तक. मी काय काय केलंय ते तरी कळू दे मला."

मार्लिसने स्वतःची प्रत दिली, बिनक्लिपांची. पण लव्हॉनचा त्यानंतर फोन नाही, निरोप नाही. प्रार्थना-साखळीला वाटलं, बाई शरमेने बाहेर पडत नाही. आणखी भांडी गेली. मार्लिसला वाटलं, आपली मैत्री गेली. एका पुस्तकापायी चांगल्या बाईच्या नावाला काळिमा लावला आपण! आणि एवढं करून प्रश्न तो प्रश्नच.

रविवारी लव्हॉन ऑर्गनवर होती. सगळ्या माना तिच्याकडे. प्रवचनाआधी पेपरमिंटच्या गोळ्यांची पिशवी ओळीओळीतून फिरते, तीसुद्धा अर्ध्यावर कोणाच्या तरी मांडीत विसरली. गीत सुरू झालं. पहिलं कडवं, दुसरं कडवं. तिसऱ्या कडव्याच्या मध्यावर लव्हॉनने हात उचलले, ऑर्गनचं झाकण लावलं, उठली आणि मधल्या वाटेने सरळ चालत बाहेर गेली. दार लागलं.

मंडळी गातच राहिली, कारण छापलेलं कडवं अर्धवट सोडायची तिथे रीत नाही. पण डार्लीनने गाता गाताच पर्समधून फोन काढला, आणि पाळकसाहेबांच्या बायकोच्या चेहऱ्यावर, मार्लिसने शपथेवर सांगितलं असतं, चक्क हेवा होता.

मार्लिस धावली. आयुष्यात पहिल्यांदा ती उपासनेतून उठली होती. बाहेर गार वारा सुटला होता, रविवार म्हणून शेतात हार्वेस्टर नुसते उभे होते, आणि लव्हॉन आवारातल्या गाड्यांच्या मध्ये, कोट न घालता, कुडकुडत उभी होती.

"ती परत येते," लव्हॉन म्हणाली.

मार्लिसने तिचा दंड धरला. "वाचलंस?"

"दोनदा. घरी बसून नुसता विचार करून कळेना, म्हणून म्हटलं, करूनच बघू. येते ती परत."

"कशावरून?"

"माझी पर्स आत राहिली आहे."

"लव्हॉन! म्हणजे ती पर्ससाठी परत येते?"

"निमित्त कसलंही चालतं गं. बाहेर येऊन थंडी वाजते, कोट आत असतो. एकदा आत गेलं, की चौथं कडवं असतंच."

"नाही, मला नाही पटत. ती इतकी साधी नाहीये. तिने झाकण लावलं, ते..."

"अगं, झाकण लावलं ते धूळ बसू नये म्हणून! जी कायमची जाते ती कशाला झाकण लावेल?"

मार्लिसला इतका आनंद झाला, की तिने लव्हॉनला तिथेच घट्ट मिठी मारली आणि लगेच पुन्हा भांडायला लागली. आत चौथं कडवं ऑर्गनशिवाय कसंबसं पार पडत होतं. इकडे दोघी दात वाजवत वाद घालत होत्या, आणि मार्लिस तावातावाने म्हणाली, "या गावात वाचतंच कोण! सगळ्या मेल्या फोटो काढून मोकळ्या. ढोंग नुसतं!"

"खरंय," लव्हॉन म्हणाली. "बरं, मागे एका वाढदिवसाला मी तुला एक पुस्तक दिलं होतं. ते कसं वाटलं?"

"सुरेख आहे," मार्लिस म्हणाली.

"काय सुरेख आहे?"

"सगळंच. ते... ते वातावरण."

"कुठलं वातावरण?"

मार्लिसने इकडेतिकडे पाहिलं. समोर झाड लालेलाल झालं होतं. "पानगळीचं?"

"ते आफ्रिकेच्या वाळवंटातल्या मिशन दवाखान्याचं आहे."

"लव्हॉन, ऐक..."

"तू ते माझ्या सुनेला लग्नात दिलंस. तिने ते मला नाताळात दिलं. मला परवापर्यंत पत्ता नव्हता, कारण घेतलं तेव्हा मी तरी कुठे वाचलं होतं? तुझं पुस्तक संपलं, आणखी काहीतरी वाचावंसं वाटलं, म्हणून त्याचा कागद सोडला. पहिल्याच पानावर माझंच अक्षर. 'प्रिय मार्लिसला, मनापासून.'"

हसलात ना? या आयोवाच्या बायका म्हणजे, असंच म्हणालात ना? मग आता जरा उठा आणि मागच्या समारंभात शाल-श्रीफळाबरोबर मिळालेलं ते पुस्तक कपाटातून काढा. पुढच्या लग्नात द्यायला होईल म्हणून चकचकीत कागद अजून तसाच ठेवलाय तुम्ही. सोडा तो. आत 'सप्रेम भेट' म्हणून सही आहे, ती नीट बघा. तुमचीच आहे.